चांगलं मँडोलिन कसं पारखायचं, कसं जपायचं आणि वेळ आली की कसं सोडायचं

नाशकात गिटारवाले ढिगाने मिळतील, मँडोलिनवाले मात्र शोधावे लागतात. त्यामुळे ज्याला चांगलं मँडोलिन घ्यायचंय त्याची पहिली अडचण ही की चार वाद्यं शेजारी ठेवून वाजवून बघायची संधीच सहसा मिळत नाही, मग माणूस फोनवर व्हिडिओ बघतो, त्यात कोणीतरी भारी वाजवत असतं, आवाज मस्त येतो, आणि आपण पैसे पाठवून मोकळे. तसं करू नका. मँडोलिन एकटं ऐकून कळत नाही, दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं की कळतं. मला सांगायचंय ते एवढंच, बाकी खाली जे लिहिलंय ते याच्याच पोटात येतं. घेताना हेच, किती ठेवायची हे ठरवताना हेच, आणि विकताना पण हेच.

आधी थोडं मूळचं, कारण जाहिराती वाचताना लागतं. आठ तारा, चार जोड्या, ट्यूनिंग व्हायोलिनचंच, म्हणजे जी, डी, ए, ई, आणि जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात. मिरवणुकीत जो बेंजो वाजतो तो बटणं दाबून वाजवायचा, बुलबुलतरंगाच्या जातीचा, ते वाद्य वेगळं (विकणारे पण यात गोंधळ करतात म्हणून सांगितलं). मँडोलिनची ढोबळमानाने दोन घराणी. एक जुनं इटालियन, ज्याची पाठ लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून गोल फुगीर केलेली असते, त्यात नेपल्सचे विनाचिया आणि कलाचे, रोमचे एम्बर्गर ही मोठी नावं. दुसरं अमेरिकन, ज्यात वरची फळी आणि पाठ व्हायोलिनसारखी कोरून हलका बाक देतात. ते सुरू केलं ऑर्व्हिल गिब्सनने, १८९८ मध्ये पेटंट घेतलं आणि १९०२ मध्ये मिशिगनमधल्या कॅलामझूला कंपनी उभी राहिली. मग १९२२ मध्ये तिथला ध्वनितज्ज्ञ लॉइड लोर याच्या देखरेखीखाली त्याच कंपनीत एफ-५ मॉडेल आलं, त्यात मधल्या लंबगोल भोकाऐवजी दोन्ही बाजूंना एफ आकाराची भोकं. लोर १९२४ मध्ये तिथून बाहेर पडला, म्हणजे त्याच्या सहीची मँडोलिनं अगदी थोड्या काळातली आहेत, आणि आज त्यातल्या चांगल्या एफ-५ ला एक लाख डॉलरच्या वर किंमत येते. ब्लूग्रास या अमेरिकन संगीताचा जनक मानला जाणाऱ्या बिल मन्रोचं प्रसिद्ध मँडोलिन ९ जुलै १९२३ च्या सहीचं, ते त्याने १९४० च्या दशकात मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानातून १५० डॉलरला घेतलं होतं.

हा इतिहास सांगायचं कारण म्हणजे आज बाजारात जे काही चांगलं मिळतं, चिनी असो, अमेरिकन असो, ऑस्ट्रेलियातल्या गिलख्रिस्ट या कारागिराचं असो, त्यातलं बरंचसं त्या १९२२-२४ च्या नमुन्याकडे बघूनच केलेलं असतं. त्यामुळे त्या नमुन्यात नक्की काय होतं ते माहीत असलं की किंमत कशाची मोजतोय ते समजतं.

ए आणि एफ, आणि पैसे कुठे जातात

ए म्हणजे थेंबाच्या आकाराचं साधं अंग. एफ म्हणजे वरच्या कोपऱ्यात लाकडाची गुंडाळी आणि बाजूला टोकं. दिसायला एफ जबरदस्त दिसतं यात वाद नाही, पण त्या गुंडाळीने आवाजात म्हणावा असा फरक पडत नाही, मेहनत मात्र प्रचंड लागते, म्हणून त्याच कारखान्यातलं त्याच लाकडाचं एफ हे ए पेक्षा खूप महाग असतं. माझं मत विचाराल तर पहिलं चांगलं मँडोलिन ए च घ्या, आणि वाचलेले पैसे एक पायरी वरच्या लाकडात आणि कारागिरीत घाला. लोरच्या सहीचं ए-५ आजवर एकच माहीत आहे, १९२३ सालचं, आणि ते ऐकलेल्यांनी कधी त्याला गुंडाळी नाही म्हणून कमी लेखलेलं नाही.

खरा फरक भोकाच्या आकारात आणि वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांमध्ये असतो. लंबगोल भोकाचं मँडोलिन गोड, भरलेलं, स्वर जरा जास्त वेळ रेंगाळतो, आपल्या भावगीतांमागचा आणि जुन्या हिंदी गाण्यांतला तो थरथरणारा ट्रेमोलो (एकच स्वर भराभर छेडत धरून ठेवणं) त्यावर फार सुंदर येतो. एफ भोकाचं जास्त टोकदार, आवाज लांब फेकणारं, ताल तोडून वाजवायला, ज्याला चॉप म्हणतात त्याला, ते हवं. फुगीर पाठीचं इटालियन पुन्हा वेगळंच, चांदीसारखा बारीक खणखणीत आवाज, पण ते पोटावरनं घसरतं आणि त्याला हलक्या तारा लागतात.

ज्यांना आपलं शास्त्रीय वाजवायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. संगीतकार सज्जाद हुसैन यांनी साध्या जोडतारांच्या मँडोलिनवर राग वाजवून दाखवले, पण जोडीतल्या दोन तारा एकदम सारख्या ओढून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढणं फार कठीण काम आहे. कर्नाटक संगीत वाजवणारे यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी म्हणूनच इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं आणि जोड्या काढून पाच सुट्या तारा लावल्या. तुम्हाला गमक, मींड हवी असेल तर महागडं कोरीव एफ-५ तुमच्या कामाचं नाही, ते कितीही सुंदर असलं तरी.

नावांबद्दल थोडक्यात. गिव्हसन हा कोलकात्याचा भारतीय ब्रँड, त्याची मँडोलिनं काही हजारात मिळतात आणि आपल्याकडच्या कित्येकांची सुरुवात त्यावरच झालीय, गिब्सन ही वेगळी अमेरिकन कंपनी, जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत एका अक्षराचा फरक नीट वाचा. त्याच्या वरची पायरी म्हणजे पूर्ण अस्सल लाकडाची, प्लायवूड नसलेली वाद्यं, त्यात केंटकी केएम-१५० आणि ईस्टमन एमडी ३०५ ही दोन मॉडेल सुरुवातीला बघण्यासारखी, दोन्हीचं टॉप (वरची फळी) स्प्रूसचं, पाठ आणि बाजू मेपलच्या. त्यावर नॉर्थफील्ड, वेबर, टेक्सासचं कॉलिंग्ज, आणि मग एकटे बसून वर्षाला मोजकी वाद्यं करणारे कारागीर. प्लायवूड आणि अस्सल लाकूड ओळखायला भोकाच्या कडेला बघा, अस्सल असेल तर वरच्या रेषा कडेतून सरळ आत जाताना दिसतात, प्लाय असेल तर थर दिसतात.

दोन शेजारी ठेवून ऐकायचं कसं

दुकानात एकटं वाजवून ठरवणं म्हणजे दुकानाच्या लाइटात साडीचा रंग ठरवणं. दोन वाद्यं एका खोलीत आणा. कशी आणायची? एक तुमचं स्वतःचं, कितीही साधं असलं तरी ते सोबत न्या, कारण त्याचा आवाज तुमच्या कानात पक्का बसलेला असतो. मुंबईला जाणार असाल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जा, धोबी तलावला फुर्टाडोस हे वाद्यांचं दुकान आहे, तिथे आणि आसपासच्या दुकानांत आधी फोन करून विचारा की कोणतं मॉडेल हातात घ्यायला मिळेल, आणि आपलं मँडोलिन केसमध्ये घालून घेऊनच जा. किंवा विकणाऱ्याला सरळ सांगा की मी माझं घेऊन येतो, दोन्ही वाजवून बघतो. खरा विकणारा नाही म्हणत नाही.

मग तारा. हे लोक सगळ्यात जास्त विसरतात. एकावर नव्या तारा आणि दुसऱ्यावर दोन वर्षं गंजलेल्या, तर तुम्ही वाद्य नाही, तारा ऐकताय. शक्य असेल तर दोन्हीवर एकाच मापाचा नवा सेट लावा, डॅडारिओचा जे७४ घेतला तरी चालेल, त्यात ०.०११ पासून ०.०४० इंचापर्यंतच्या तारा येतात. पण जुन्या फुगीर पाठीच्या मँडोलिनवर हा सेट चुकूनही लावू नका. आठ तारांचा मिळून ७५ किलोच्या आसपास ताण होतो, आणि पातळ जुनं टॉप आत बसतं, ते परत वर येत नाही. त्याला अल्ट्रा लाइटच तारा.

पिक एकच ठेवा, पातळ गिटार पिकने मँडोलिन चिरकं लागतं, जरा जाड, बोथट टोकाचा घ्या. ब्रिज (ज्यावर तारा टेकतात ती लाकडी घोडी) जागेवर आहे का ते बघा, मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या ताणाने उभा असतो, आणि सरकला असेल तर अख्खं वाद्य बेसूर लागतं, मग लोक म्हणतात वाद्यच खराब. १२ व्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हलकं बोट ठेवून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला स्वर, सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर एकच आला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर ब्रिज मागे, म्हणजे फ्रेटपासून लांब, उतरा असेल तर पुढे. ॲक्शन, म्हणजे तार आणि फ्रेट यांतलं अंतर, १२ व्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर असली की बरं, दोन्ही वाद्यांची साधारण सारखी करून घ्या, नाहीतर जे हाताला हलकं लागतं तेच आपल्याला चांगलं वाटायला लागतं.

आता वाजवायचं काय. भारी तुकडे नकोत. प्रत्येक जोडीवर एकेक मोकळा स्वर आणि तो विरेपर्यंत थांबा. मग एक संथ चाल, ट्रेमोलोत. मग जोरात कॉर्ड. मग ई तारेवर सातव्या फ्रेटच्या पुढे, कारण स्वस्त वाद्य तिथेच पातळ पडतं, आणि जी तारेवर खाली, जिथे साधं वाद्य नुसतं ठक्क वाजतं आणि चांगलं वाद्य गातं. आणि महत्त्वाचं म्हणजे स्वतः वाजवताना जे ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही, एफ भोकाचं तर आवाज पुढेच फेकतं, म्हणून दुसऱ्याला वाजवायला लावून तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा, पाठ करून.

सावरकरनगरला एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही असंच केलं होतं, एक लंबगोल भोकाचं ए, एक एफ भोकाचं ए, दोन्हीवर त्याच तारा. ऐकायला एक काका बोलावले होते, आयुष्यभर ऑर्केस्ट्रात वाजवलेले, ते खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले, आणि मित्राने आलटून पालटून एकच ओळ वाजवली, मधेच एकच वाद्य लागोपाठ दोनदा. मी विचारलं, "काका, कुठलं बरं वाटतंय?" तर म्हणाले, "अरे, गोडवा पहिल्याला आहे, पण कालिदास नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत दुसरं पोचेल. तू घरी वाजवणारेस का स्टेजवर, ते आधी सांग." लागोपाठ दोनदा वाजवलेलं त्यांनी लगेच ओळखलं. कुठलं महाग आहे ते त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मित्र घरीच वाजवतो, त्याने लंबगोल ठेवलं.

फोनवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर फोन एकाच जागी, स्टँडवर, मीटरभर लांब, आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी ऐका. ताज्या कानाने वेगळंच कळतं.

जुनं असेल तर काय काय तपासायचं

टॉर्च, छोटा आरसा आणि फोन न्या. आधी बाजूने, डोळ्याच्या पातळीवर धरून टॉप बघा, ब्रिजच्या खाली बाक आहे का खड्डा पडलाय. खड्डा असेल तर आतली पट्टी सुटलीय किंवा टॉप थकलंय. मग बोटाच्या पेराने सगळीकडे हलकं टिचकी मारत जा, कुठे फटफट असा सैल आवाज आला तर तिथे काहीतरी उकललंय. नेक (दांडी) सरळ आहे का ते हेडस्टॉककडनं, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडनं, एक डोळा मिटून बघा. गिब्सनने ॲडजस्ट होणारा ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला, त्याआधीच्या वाद्यात तो नसतो, म्हणजे नेक वाकली असेल तर चावीने सरळ होणार नाही, काम मोठं आहे. हेडस्टॉकच्या मागे नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) जवळ बारीक रेघ दिसली तर तिथे मोडून जोडलेलं असू शकतं. एफ असेल तर गुंडाळी आणि टोकं बघा, पडल्यावर पहिली तीच जातात.

फुगीर पाठीचं असेल तर पट्ट्यांच्या मधल्या प्रत्येक सांध्यावरून नख फिरवा, आत टॉर्च लावून अंधारात बाहेरून बघा, उजेड दिसला तर फट आहे. जुनी वाद्यं सरसाने चिकटवलेली असतात आणि सरस परत गरम करून पुन्हा जोडता येतो, त्यामुळे सुटलेला सांधा ही भीतीची गोष्ट नाही. पण कोणी आधी त्यात फेव्हिकॉल किंवा झटपट चिकटणारा गम ओतलेला असेल तर मात्र दुरुस्ती अवघड आणि महाग. सांध्यावर पांढुरकं किंवा चकचकीत काही दिसलं की समजा.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे कीड. केस उघडल्यावर तळाला पिठासारखा बारीक भुसा दिसला, लाकडात टाचणीएवढी भोकं दिसली, तर ते वाद्य घरात आणायच्या आधी दहा वेळा विचार करा, ते बाकीच्या वाद्यांना पण लागेल. केसच्या अस्तराला वाळवीची माती आहे का तेही बघा.

पॉलिश नवं केलेलं असेल तर वाद्याला काही होत नाही पण संग्राहकाच्या दृष्टीने किंमत निम्म्यावर येऊ शकते. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारला तर जुनं लॅकर फिकट हिरवट चमकतं आणि नंतर मारलेला थर वेगळाच, ठिगळासारखा दिसतो. नोटा तपासायचा छोटा टॉर्च चालतो. आतल्या लेबलवर फार विसंबू नका, लेबल छापता येतं. लेबल, सीरियल नंबर, ट्यूनरचा (तारा पिळायच्या खुंट्यांचा) प्रकार, हेडस्टॉकचा आकार हे सगळं एकाच काळातलं आहे का ते जुळवा, एक जरी जुळलं नाही तर विचारा.

आणि एक कायद्याची गोष्ट, ही कोणी सांगत नाही. जुन्या इटालियन मँडोलिनवर भोकाखाली जी तपकिरी ठिपक्यांची पट्टी (पिकगार्ड) असते ती कधी सेल्युलॉइडची असते पण कधी खऱ्या कासवाच्या कवचाची, आणि ते कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळ्यात वरच्या सूचीत आहे. हस्तिदंताचं पण तेच. ब्राझिलियन रोजवूडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात कडक बंदी आहे. बाकीच्या शिसम जातीच्या लाकडाला २०१७ मध्ये नियम लागले होते, पण तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. परदेशातून मागवत असाल तर विकणाऱ्याकडून लेखी घ्या की कोणतं लाकूड, पट्टी कशाची. आणि कस्टम ड्युटी नुसत्या वाद्याच्या किमतीवर नाही तर भाडं आणि विमा धरून लागते, वर जीएसटी, हे आधीच हिशोबात धरा.

नाशिकच्या हवेत सांभाळायचं कसं

इथे वाद्य सांभाळणं म्हणजे तीन वेगवेगळ्या गावांत सांभाळणं झालं. पावसाळ्यात घरातली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, एप्रिलच्या दुपारी २५ च्या खाली येते, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडच्या थंडीचा कडाका वेगळाच. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आवडतं. केसमध्ये एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, काहीशे रुपयांत येतो आणि लाखाचं वाद्य वाचवतो. पावसाळ्यात टॉप फुगतं, ॲक्शन वर जाते, तेव्हा सिलिका जेलची पुडी केसमध्ये, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत. उन्हाळ्यात उलट, टॉप बसतं, तारा खरखर करायला लागतात, फ्रेटची टोकं हाताला बोचतात, तेव्हा भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, पाणी टपकता कामा नये. ॲक्शन वरखाली झाली म्हणून लगेच ब्रिज कापायला घेऊ नका, ऋतू बदलला की ती बऱ्यापैकी जागेवर येते.

माळ्यावर ठेवू नका, स्लॅबची उष्णता सगळी तिथे साठते. मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात नाही, आत सरस मऊ पडायला लागेल इतकं तापतं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टांगू नका, ओल येते. फिंगरबोर्डला खोबरेल लावायची आपल्याकडे सवय आहे, ते खवट होतं आणि धूळ धरतं, नको. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसल्या तरी पुष्कळ. जुन्या वाद्याची सेल्युलॉइड पट्टी चुरायला लागली असेल, कापरासारखा किंवा आंबूस वास येत असेल, तर ती काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, तिच्या वाफेने तारा आणि ट्यूनर गंजतात. फेकू मात्र नका, विकताना ती लागते.

दुरुस्तीचं म्हणाल तर आपल्याकडे हार्मोनियम-तबल्याचे फार चांगले हात आहेत, पण फ्रेट बदलणं, नेकचा कोन, ट्रस रॉड ही कामं ज्याने कोरीव वाद्यावर केलेली आहेत त्याच्याकडेच द्या, मग त्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागलं तरी चालेल. देण्याआधी त्याने केलेलं एखादं काम दाखवायला सांगा.

किती ठेवायची

संग्रह म्हणजे आकडा नव्हे. प्रत्येक वाद्याचं काम वेगळं पाहिजे. एक लंबगोल, एक एफ भोकाचं, आणि हवं तर एक इलेक्ट्रिक किंवा एक फुगीर पाठीचं. यापुढे जे येईल त्याने आधीच्या एखाद्याला हरवलं पाहिजे, आणि ते ठरवायची पद्धत वर सांगितली तीच, शेजारी ठेवा, त्याच तारा, कोणालातरी वाजवायला लावा, पाठ करून ऐका. दोन वाद्यं एकच काम करत असतील तर त्यातलं एक कायम केसमध्येच राहतं, आणि महिनोनमहिने न वाजलेल्या वाद्याच्या खुंट्या जाम होतात, तारा गंजतात, आत बुरशी धरते आणि ते आपल्याला कळतच नाही. अस्सल लाकडाचं मँडोलिन वाजवण्यासाठी केलेलं आहे. ज्याला नुसतं पडून राहायचंय ते दुसऱ्याच्या हातात गेलेलं बरं, असं मी अगदी मनापासून मानतो.

एक वही करा. प्रत्येक वाद्याचं एक पान, कधी घेतलं, कितीला, बिल कुठे आहे, सीरियल नंबर, कुठली तार लावतो, कोणती दुरुस्ती कोणाकडून झाली, आणि चारही बाजूंचे फोटो. घरच्यांना ही वही कुठे आहे ते सांगून ठेवा आणि शेवटच्या पानावर प्रत्येकाची साधारण किंमत दरवर्षी लिहा. नाहीतर आपल्यामागे चांगलं वाद्य दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातं, असं होताना लोकांनी बघितलंय.

सोडायची वेळ आली की

आधी ते नीट तयार करा, नव्या तारा, ब्रिज जागेवर, ट्यूनिंग बरोबर. पॉलिश करून चमकवायला जाऊ नका, जुन्या वाद्याची ती चमक म्हणजे नुकसान आहे. किंमत ठरवताना जाहिरातीत मागितलेल्या किमती बघू नका, तेच मॉडेल खरोखर कितीला गेलं ते शोधा. दुकानात विक्रीला ठेवलं तर ते कमिशन घेतात, टक्केवारी आधी विचारा आणि लेखी घ्या. गणपती-नवरात्रीच्या आधी कार्यक्रम करणारे लोक वाद्यं शोधत असतात, तो काळ चांगला.

जाहिरातीत दोष आधी लिहा, गुण नंतर. भेग आहे, जोडलीय, कोणी जोडली. तिसऱ्या फ्रेटला खाच पडलीय. ट्यूनर मूळचे नाहीत. त्या त्या जागेचे जवळून फोटो टाका. यामुळे फोन कमी येतात पण जे येतात ते घेणाऱ्यांचेच येतात. घरी बोलवा, त्यांचं वाद्य घेऊन या म्हणावं, दोन्ही शेजारी ठेवून वाजवू द्या, चहा करा, आणि मधे मधे बोलू नका. त्यांना आवडलं नाही तर हरकत नाही.

पैशांचं एकदम सावध. न बघताच घेतो म्हणणारा, बदली झालीय, गाडी पाठवतो, तुम्ही फक्त क्यूआर कोड स्कॅन करा पैसे येतील असं म्हणणारा, त्याचा फोन ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकलात की पैसे जातात. खात्यात जमा झालेलं बँकेच्या ॲपमध्ये स्वतः बघून मगच वाद्य हातातून सोडा.

कुरिअरने पाठवायचं असेल तर तारा अर्धा-एक सूर उतरवा, पूर्ण काढू नका, नाहीतर ब्रिज सुटून आत आपटत राहतो. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड, हेडस्टॉकखाली गुंडाळलेला टॉवेल, म्हणजे केसमध्ये ते अधांतरी राहत नाही, केस एका खोक्यात आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधे भरपूर कागद. विमा पूर्ण किमतीचा. शंभर वर्षांपेक्षा जुनं वाद्य परदेशी पाठवायचं असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा प्रश्न येऊ शकतो, आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. मुंबईपर्यंतच असेल तर सरळ ट्रेनने स्वतः नेऊन द्या, मांडीवर घेऊन.

शिकणाऱ्या पोरांना देताना मी किंमत उतरवायला तयार असतो आणि तुम्हीही असा असं सांगेन, पण फुकट देऊ नका, थोडे का होईना पैसे घातलेलं वाद्य माणूस नीट सांभाळतो. शाळेला वगैरे द्यायचं असेल तर तिथे शिकवणारं कोणी आहे का ते आधी बघा. काही महिने वापरायला देऊन बघणं हा पण चांगला मार्ग आहे, फक्त दोघांनी एका कागदावर सही करा आणि त्या दिवशीचे फोटो काढून ठेवा.

देताना वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स, मूळ बिल, काढून ठेवलेली जुनी पट्टी, जुने ट्यूनर, ट्रस रॉडची चावी सगळं एका पाकिटात घालून केसच्या खिशात ठेवा, आणि त्यावर कोणत्या मापाच्या तारा लावायच्या ते मोठ्या अक्षरात लिहा, विशेषतः फुगीर पाठीचं असेल तर. घेणाऱ्याला एक विनंती करून ठेवा की पुढे कधी विकायचं झालं तर आधी मला फोन करा. वाद्याबद्दल जीव असलेला माणूस हो म्हणतोच, तेवढंही त्या पाकिटावर लिहा, तुमच्या नंबरसकट.